संघटनेचा शब्द सांभाळणारी नोकरी

पत्रकारिता किंवा जनसंपर्काचा अभ्यासक्रम संपवून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना तीन वाटा ठाऊक असतात: वृत्तपत्र किंवा वाहिनी, पीआर एजन्सी आणि जमलं तर एखाद्या मोठ्या कंपनीचा कम्युनिकेशन विभाग. चौथी वाट कॉलेजात क्वचितच कुणी सांगतं. ती आहे उद्योजकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांमधली.

ही वाट जुनीच आहे. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६चं, पणजीचं गोवा चेंबर १९०८चं. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानं महाराष्ट्र चेंबर १९२७ मध्ये उभं राहिलं आणि त्याच वर्षी देशपातळीवर फिक्की स्थापन झाली. पुण्याचं मराठा चेंबर १९३४चं. एकेका धंद्याच्या संघटना वेगळ्या: साखर कारखान्यांची इस्मा १९३२ची, सॉफ्टवेअरवाल्यांची नॅसकॉम १९८८ची, बांधकाम व्यावसायिकांची क्रेडाई १९९९ची. त्याखेरीज औद्योगिक वसाहतींच्या भागातल्या संघटना आहेत: नाशिकची निमा, छत्रपती संभाजीनगरच्या मसिआ आणि सीएमआयए, कोल्हापूरच्या गोशिमा आणि स्मॅक, नागपूरची व्हीआयए. यांतल्या प्रत्येकीला निवेदनं लिहिणारं, बातमीदारांचे फोन घेणारं, सभासदांना नवा नियम समजावून सांगणारं माणूस लागतं. मोठ्या संघटनेत त्यासाठी पाच-सहा जणांचा विभाग असतो. छोट्या संघटनेत एकच माणूस असतो आणि सभागृहाचा माइक चालू आहे की नाही, हेही तोच बघतो.

या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. इथं तुम्हाला विकायला माल नसतो. संघटना जे बोलते त्यावर मंत्रालयातला कक्ष अधिकारी, वृत्तपत्राचा बातमीदार आणि वसाहतीतला सर्वांत लहान वर्कशॉपवाला या तिघांनी विश्वास ठेवावा, हीच तुमची मिळकत. ती कशी कमवायची आणि कशानं जाते, हे या क्षेत्रात पाऊल टाकण्याआधी समजून घ्यायला हवं.

एका छताखाली विक्रेता आणि गिऱ्हाईक

कंपनीत कम्युनिकेशनचं काम करणाऱ्याचा मालक एक असतो आणि त्याचं हित स्पष्ट असतं. संघटनेत शेकडो सभासद असतात आणि त्यांची हितं एकमेकांना छेदतात. पोलाद तयार करणाऱ्याला आयात शुल्क वाढायला हवं असतं, पोलाद वापरणाऱ्या फॅब्रिकेटरला ते कमी हवं असतं. दोघंही वर्गणी भरतात, दोघंही वार्षिक सभेत हात वर करतात.

अलीकडचं ठळक उदाहरण आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या तरतुदीचं. २०२३च्या वित्त कायद्यानं ती आणली आणि करनिर्धारण वर्ष २०२४-२५पासून ती लागू झाली. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजावट म्हणून मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षी मिळतो. लहान पुरवठादारांची उधारी वसूल व्हावी हा हेतू. पण मोठा खरेदीदार आपल्याऐवजी नोंदणी नसलेल्याकडे वळेल, ही धास्ती लहानांनाही वाटली. म्हणजे एकाच संघटनेत काही सभासद खूश, काही नाराज आणि काही एकाच वेळी दोन्ही.

अशा वेळी कम्युनिकेशन एक्झिक्युटिव्हनं काय करावं? घाईनं ‘स्वागत’ किंवा ‘निषेध’ लिहू नये. आधी माहितीपत्रक काढावं: तरतूद कुणाला लागू, कुणाला नाही, उद्यम नोंदणी कशी तपासायची, मुदत कधीपासून मोजायची. सनदी लेखापालाकडून ते तपासून घेऊन साध्या मराठीत सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावं. भूमिका नंतर, आणि कार्यकारिणीचं ज्यावर एकमत झालं तेवढीच. सगळ्यांना पटेल असा समान भाग अनेकदा लहानसाच निघतो: ‘अंमलबजावणीबाबत स्पष्टता द्या’, ‘व्यापारी आणि उत्पादक यांच्यातला फरक समजावून सांगा’. तेवढंच बोला. न झालेलं एकमत तुम्ही वाक्यात घुसवलंत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एखादा सभासदच बातमीदाराला फोन करून ‘हे आमचं मत नाही’ म्हणेल.

वर्षाचं चक्र

या नोकरीला हंगाम असतात आणि ते आधीपासून ठाऊक असतात. केंद्रीय अर्थसंकल्प २०१७पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो, पण तुमचं काम दिवाळीच्या आसपास सुरू होतं. अर्थ मंत्रालय उद्योग संघटनांकडून करविषयक सूचना मागवतं. त्या सभासदांकडून गोळा करणं, एकसारख्या मागण्या एकत्र करणं, प्रत्येक मागणीमागे कारण आणि आकडा जोडणं, हे महिन्याभराचं काम. ‘कर कमी करा’ असं म्हणणारी निवेदनं दिल्लीत ढिगानं जातात. कच्च्या मालावरचा कर तयार मालापेक्षा जास्त असल्यानं परतावा कसा अडकतो, हे एका कारखान्याच्या हिशोबानं दाखवणारं निवेदन मात्र वाचलं जातं.

अर्थसंकल्पाच्या दिवशी सकाळी अकराला भाषण सुरू होतं आणि दुपारी दोनपर्यंत वृत्तपत्रांना अध्यक्षांची प्रतिक्रिया हवी असते. ती त्या दिवशी कोऱ्या कागदावर लिहायला बसू नये. आदल्या आठवड्यात संघटनेच्या पाच मुख्य मागण्यांची यादी करा. प्रत्येकीपुढे ‘मिळाली’, ‘अर्धी मिळाली’, ‘नाही मिळाली’ या तीन शक्यतांसाठी एकेक वाक्य तयार ठेवा आणि अध्यक्षांना ते आधी दाखवा. भाषण संपलं की नको ती वाक्यं खोडायची, एवढंच उरतं. ‘सर्वसमावेशक आणि विकासाभिमुख अर्थसंकल्प’ हे वाक्य मात्र कोणत्याच रकान्यात ठेवू नका. ते दरवर्षी इतक्या संघटना पाठवतात की उपसंपादकाची कात्री आधी त्याच्यावरच पडते.

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प, हिवाळ्यात नागपूरचं अधिवेशन, अधूनमधून जीएसटी परिषद, दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण. महाराष्ट्रात वीजदराचा विषय कायमचा असतो: राज्य वीज नियामक आयोग दरनिश्चितीपूर्वी सूचना-हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. संघटनेचे वीजतज्ज्ञ तिथं मांडतात ते तांत्रिक असतं. मागणी आकार, पॉवर फॅक्टर, क्रॉस सबसिडी. त्याचा परिणाम एखाद्या फाउंड्रीच्या महिन्याच्या बिलावर किती होतो हे सांगणारी अर्ध्या पानाची टिपणी तुम्ही लिहायची. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठका हा आणखी एक ठरलेला टप्पा. तिथं रस्ता, पाणी, सांडपाणी, अतिक्रमण असेच प्रश्न असतात. बैठकीनंतर ‘सकारात्मक चर्चा झाली’ असं कळवण्यापेक्षा कोणत्या अधिकाऱ्यानं कोणत्या तारखेपर्यंत काय करण्याचं मान्य केलं, हे सभासदांना कळवा. पुढच्या बैठकीत तोच कागद कामी येतो.

मंजुरीची साखळी आधी आखा

नव्या माणसाची पहिली ठेच इथं लागते. अध्यक्ष दौऱ्यावर, मानद सचिव कारखान्यात, महासचिव बैठकीत आणि बातमीदाराला वीस मिनिटांत प्रतिक्रिया हवी. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक पान लिहून कार्यकारिणीकडून मंजूर करून घ्या: कोणत्या विषयावर कोण बोलणार, ते नसतील तर कोण, कोणत्या विषयावर आधी समितीला विचारल्याशिवाय कुणीच बोलायचं नाही, आणि उत्तर न आल्यास किती वेळ वाट पाहायची. कामगार, कर, पर्यावरण, वीज अशा उपसमित्या असतील तर त्यांच्या अध्यक्षांची नावं आणि फोन नंबर याच पानावर.

संघटनेचे पदाधिकारी निवडून येतात आणि बहुतेक ठिकाणी एक-दोन वर्षांत बदलतात. कर्मचारी राहतात. त्यामुळं संघटनेची स्मरणशक्ती तुमच्याकडे असते. गेल्या पाच वर्षांत कोणत्या विषयावर कोणती भूमिका घेतली, त्याची तारीखवार नोंदवही ठेवा. नव्या अध्यक्षांच्या उत्साहात जुन्या भूमिकेच्या नेमकं उलट काही छापून येऊ नये, याची काळजी दुसरं कुणी घेणार नाही. ‘साहेब, दोन वर्षांपूर्वी आपण मंत्र्यांना हे दिलं होतं’ असं म्हणत जुनी फाइल पुढं ठेवता आली पाहिजे. हे वाक्य चारचौघांत नाही, केबिनमध्ये म्हणायचं असतं.

अध्यक्षांची दुहेरी टोपीही सांभाळावी लागते. ते स्वतः एखाद्या कंपनीचे प्रमुख असतात. ती शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर संघटनेच्या व्यासपीठावरून आपल्या कंपनीच्या विक्रीबद्दल केलेलं ओझरतं विधान त्यांना सेबीच्या नियमांत अडकवू शकतं. मुलाखतीआधी बातमीदाराला सांगून ठेवा: प्रश्न उद्योगावर, कंपनीवर नाही. साहेबांनाही तेच सांगा, जरा अदबीनं.

आकडा कुठून आला, हे सांगता आलं पाहिजे

संघटनेकडे बातमीदार मुख्यतः आकड्यासाठी येतो. आणि आकड्यातच सर्वांत जास्त पाय घसरतो.

वाहन उद्योग घ्या. उत्पादकांची संघटना सियाम दर महिन्याला जो देशांतर्गत विक्रीचा आकडा देते, तो कारखान्यातून विक्रेत्यांकडे रवाना झालेल्या गाड्यांचा असतो. विक्रेत्यांची संघटना फाडा जो आकडा देते, तो आरटीओच्या ‘वाहन’ प्रणालीतल्या नोंदणीवर म्हणजे प्रत्यक्ष ग्राहकाच्या हाती गेलेल्या गाड्यांवर आधारलेला असतो. दसरा-दिवाळीआधी विक्रेते गोदामं भरतात तेव्हा पहिला आकडा फुगतो, दुसरा मागे राहतो. दोन्ही खरे असतात. पण हा फरक न सांगता मथळ्यात एकच आकडा टाकला, तर दुसरी बाजू तुम्हाला खोटं ठरवते.

साखरेचं उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचं. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली आणि त्यानंतर ती वाढवा, ही कारखान्यांच्या संघटनांची सततची मागणी झाली. तिच्या समर्थनार्थ सोपी मांडणी अशी होते: उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, २०१८-१९च्या हंगामात क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६साठी ती ३५५ रुपये ठरली. ऊस महागला आणि साखर तिथंच राहिली. वाक्य दमदार आहे, पण अपुरं आहे. २७५ रुपये १० टक्के उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी) होते; ३५५ रुपये १०.२५ टक्क्यांसाठी आहेत, कारण २०२२-२३पासून पायाच बदलला. शिवाय ३१ रुपये ही विक्रीची खालची मर्यादा आहे, बाजारभाव नाही. तो तिच्याहून वर असतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत बसणारे शेतकरी कार्यकर्ते हे सगळं तोंडपाठ सांगतात. म्हणून तुमच्या टिपणीतच हा तपशील द्या आणि तरीही मागणी योग्य का ठरते, ते पुढं मांडा. विरोधकानं उघड करण्याआधी स्वतःच सांगितलेली मर्यादा मागणी कमकुवत करत नाही. उलट बातमीदार पुढच्या वेळी तुमचा आकडा न तपासता घेतो.

नियम साधा ठेवा. प्रत्येक आकड्याखाली चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: कुणी गोळा केला, कोणत्या काळाचा, किती सभासदांच्या उत्तरांवर आधारलेला, आणि कशाचा समावेश नाही. ‘लाखो रोजगार धोक्यात’ असं एखाद्या पदाधिकाऱ्यानं सांगितलं तर नम्रपणे विचारा, ‘सर, हा आकडा कुठून घ्यायचा?’ उत्तर मिळालं नाही तर तो प्रेसनोटमध्ये जाणार नाही.

कायद्यानं आखलेली रेषा

हा भाग जनसंपर्काच्या पुस्तकांत बहुधा नसतो, आणि संघटनेत काम करणाऱ्यासाठी तोच सर्वांत धोक्याचा. एकाच धंद्यातले प्रतिस्पर्धी जिथं एका टेबलाशी बसतात, त्या जागेवर स्पर्धा कायदा, २००२च्या कलम ३ची नजर असते. दर ठरवणं, उत्पादन आवळणं, बाजार वाटून घेणं यांना बंदी आहे आणि संघटनाही त्या कक्षेत येते.

जून २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं सिमेंट कंपन्यांना मिळून ६ हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला. त्यात सिमेंट मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनलाही दंड झाला. सभासद कंपन्यांकडून दर गोळा करणं आणि उत्पादन-रवानगीची माहिती सभासदांत फिरवणं यावर आयोगानं बोट ठेवलं आणि ते थांबवायला सांगितलं. प्रकरण अपिलात गेलं, फेरसुनावणी झाली आणि २०१६ मध्ये आयोगानं पुन्हा दंड केला. वाद पुढंही वरच्या पातळीवर गेला. आपल्या दृष्टीनं धडा असा: संघटनेचं वार्तापत्र, बैठकीचं इतिवृत्त, व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा संदेश, हे सगळं पुरावा ठरू शकतं. आणि हे कागद तयार करणारे हात तुमचेच असतात.

म्हणून काही पथ्यं. ‘सर्व सभासदांनी अमुक तारखेपासून दर इतके टक्के वाढवावेत’ अशा अर्थाचं परिपत्रक तुमच्या हातून कधीही जाता कामा नये, मग ते ‘आवाहन’ म्हणून का लिहिलेलं असेना. पुढच्या महिन्यात भाव कुठं जाणार, यावर अध्यक्षांना बोलू देऊ नका. कच्चा माल महागला हे सांगता येतं, सगळे मिळून भाव वाढवणार आहोत हे नाही. आकडेवारी प्रसिद्ध करायची तर एकत्रित आणि मागच्या काळाची, एकेका कंपनीची ओळख पटणार नाही अशी. शंका आली तर वकिलाला विचारल्याशिवाय ‘पाठवा’चं बटण दाबू नका. तेवढ्यासाठी बातमी एक दिवस उशिरा गेली तरी चालते.

लोकांच्या भाषेत

उद्योगाचं म्हणणं लोकांपर्यंत न्यायचं तर सुरुवात लोकांच्या अडचणीपासून करावी लागते. २००६ मध्ये पुण्यात भारनियमन टाळण्यासाठी ‘पुणे मॉडेल’ आलं. सीआयआय या उद्योग संघटनेच्या पुढाकारानं उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रं चालवायची, त्यामुळं वाचणारी वीज शहराला मिळायची, आणि महागड्या विजेचा फरक आकारातून भरून काढायचा, अशी ती योजना. ‘कॅप्टिव्ह निर्मितीक्षमतेचा वापर’ असं म्हटलं तर कुणाला काय कळणार? ‘तुमच्या घरचे दिवे जाणार नाहीत, त्यासाठी बिलात इतके पैसे वाढतील’ म्हटलं की ज्याला पटेल त्याला पटतं, ज्याला नाही तो वाद घालतो. दोन्ही चालतं. न कळणं चालत नाही.

दुसरं उदाहरण म्युच्युअल फंडांच्या संघटनेचं. ॲम्फीनं मार्च २०१७ मध्ये ‘म्युच्युअल फंड सही है’ ही मोहीम सुरू केली. कोणत्याही एका कंपनीचं नाव न घेता सगळ्या उद्योगाची ओळख वाढवायची, हे फक्त संघटनाच करू शकते. अशा मोहिमेत सगळ्यांत अवघड काम जाहिरात बनवण्याचं नसतं. कुठलाही सभासद ‘ही त्याच्याच फायद्याची’ असं म्हणणार नाही, अशी ती ठेवायची असते.

महाराष्ट्रात या नोकरीसाठी चांगलं मराठी हे खरं भांडवल आहे. मोठ्या संघटनांचा कारभार इंग्रजीत चालतो, पण शासन निर्णय मराठीत येतो, जिल्हा आवृत्त्या मराठी, आणि एमआयडीसीतल्या बहुसंख्य लघुउद्योजकांना नियम मराठीत समजून घ्यायचा असतो. मराठा चेंबरचं ‘संपदा’ किंवा द्राक्ष बागायतदार संघाचं ‘द्राक्षवृत्त’ चाळून पाहा. सभासदाला उपयोगी पडणारं मासिक कसं असतं ते कळेल. इंग्रजी प्रेसनोट यंत्राकडून मराठीत करून तशीच पाठवू नका. जिल्ह्याचा बातमीदार पहिल्या परिच्छेदातच ती बाजूला ठेवतो. त्याला गावाचं नाव, किती युनिटं, किती कामगार आणि कुणाशी बोलायचं, एवढं वरच्या चार ओळींत द्या.

अपघाताच्या दिवशी

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६च्या आणि पुन्हा २०२४च्या मे महिन्यात कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसं गेली. अशा दिवशी संघटनेचा फोन खणखणतो. तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा. पहिलं विधान मृतांच्या आणि जखमींच्या कुटुंबांविषयी असावं, उद्योगाच्या ‘बदनामी’विषयी नव्हे. कारणाचा अंदाज बांधू नका. ते सांगण्याचं काम औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचं आणि तपास यंत्रणेचं. कंपनीच्या वतीनं बोलू नका. तिचा संपर्क द्या. आणि संघटना प्रत्यक्ष काय करत आहे तेवढंच सांगा: शेजारच्या कारखान्यांचे अग्निशमन बंब पाठवले, रुग्णालयाशी समन्वय ठेवला, सुरक्षा तपासणीची बैठक अमुक दिवशी बोलावली. काही केलेलं नसेल, तर आधी करा आणि मग बोला.

शिरायचं कसं

जनसंपर्क किंवा पत्रकारितेची पदवी उपयोगी पडते, पण ती एकटी पुरत नाही. ताळेबंद वाचता येणं, जीएसटीची मूलभूत रचना कळणं, अधिसूचना, परिपत्रक आणि शासन निर्णय यांतला फरक माहीत असणं, यावर इथं वजन पडतं. वाणिज्य किंवा अर्थशास्त्राचा विद्यार्थी लिहायला शिकला तर तो या नोकरीत लवकर रुळतो. जिल्ह्यात उद्योगाची बातमीदारी केलेल्यांनाही संघटना आनंदानं घेतात, कारण त्यांना वसाहत आणि कलेक्टर कचेरी दोन्ही ओळखीच्या असतात.

जाहिरातीची वाट पाहत बसू नका. या जागा बऱ्याचदा ओळखीतून आणि इंटर्नशिपमधून भरतात. अर्ज करण्याआधी स्वतःच्या कामाचे तीन नमुने तयार करा. एक, राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेसारखा एखादा शासन निर्णय घ्या आणि पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपवाल्यासाठी त्याचा दीडशे शब्दांत गोषवारा लिहा. दोन, राज्याच्या आर्थिक पाहणीतलं एक कोष्टक घेऊन त्यावर तीनशे शब्दांची बातमी लिहा, प्रत्येक आकड्याचा काळ आणि स्रोत देऊन. तीन, एकाच मागणीचे दोन मसुदे करा: एक सचिवांना द्यायचं निवेदन, दुसरी बातमीदारासाठी प्रेसनोट. या तीन कागदांवरून महासचिवांना तुमच्याबद्दल जे कळेल, ते गुणपत्रिकेवरून कळत नाही.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. संघटनेच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाकडे आहे? गेल्या वर्षी कोणत्या विषयावर सभासदांत मतभेद झाले आणि ते कसे मिटवले? उत्पन्नात वर्गणीचा वाटा किती आणि प्रायोजकत्वाचा किती? शेवटचा प्रश्न आगाऊ वाटेल, पण महत्त्वाचा आहे. उत्पन्न मुख्यतः परिषदा आणि प्रदर्शनांतून येत असेल, तर तुमचा निम्मा वेळ फलक, बॅज आणि प्रायोजकांच्या लोगोंत जाईल. ते काम हलकं नाही, मात्र तेच हवं आहे का, हे आधी ठरवा.

पगार, बढती आणि पुढची वाट

स्पष्टच सांगायचं तर त्याच अनुभवाला मोठी कंपनी किंवा एजन्सी बहुधा जास्त पगार देते. संघटनांचं उत्पन्न मर्यादित असतं आणि पदांची शिडी आखूड: एक्झिक्युटिव्ह, मॅनेजर, संचालक आणि वर महासचिव किंवा महासंचालक. मधली पायरी रिकामी होईपर्यंत थांबावं लागतं. याच्या बदल्यात जे मिळतं ते इतरत्र लवकर मिळत नाही. पंचविशी-तिशीतच तुम्ही शिष्टमंडळाबरोबर मंत्रालयात जाता, धोरणाचा मसुदा बदलताना पाहता, एकाच धंद्यातल्या पन्नास कंपन्या आतून ओळखता.

ज्यांनी आयुष्य इथंच घालवलं त्यांची उदाहरणंही आहेत. तरुण दास १९६०च्या दशकात अभियांत्रिकी उद्योगाच्या संघटनेत रुजू झाले. तीच पुढं १९९२ मध्ये सीआयआय झाली आणि दास तिचे महासंचालक. देवांग मेहता यांनी १९९०च्या दशकात नॅसकॉमचा आवाज असा घडवला की भारतीय सॉफ्टवेअर म्हटलं की जगभरचे बातमीदार त्यांनाच फोन करत; २००१ मध्ये त्यांचं अकाली निधन झालं. दोघांपैकी कुणीही त्या उद्योगातला मोठा कारखानदार किंवा कंपनीमालक नव्हता. धंदा समजून घेऊन तो नेमक्या जागी, नेमक्या शब्दांत मांडणं हेच त्यांचं काम.

तुमचा बेत लांबचा नसेल, तरी पहिली तीन-चार वर्षं एकाच विषयात खोल जाण्यासाठी वापरा: वीज, कर, पर्यावरण परवानग्या, कामगार संहिता, काहीही एक. नुसतं ‘चांगलं लिहितो’ अशी ओळख झालेल्या माणसाची जागा दुसरा घेऊ शकतो. ‘वीजदरावर याला विचारा’ अशी ओळख झाली की कंपन्यांचे पब्लिक अफेअर्स विभाग, सल्लागार संस्था आणि धोरण अभ्यास करणाऱ्या संस्था स्वतःहून विचारणा करतात. जाताना मात्र जपून. एका कंपनीत गेल्यावर तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी संघटनेत विश्वासानं सांगितलेली माहिती तुमच्या डोक्यात असते. ती बाहेर काढायची नसते, कुणी विचारलं तरी आणि विचारणारा नवा साहेब असला तरी. या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि तुम्ही काय बोललात यापेक्षा काय बोलला नाहीत, हे त्यांच्या जास्त लक्षात राहतं.